मेल पोहोचला, पण दिसला नाही : व्यापाऱ्याने काय तपासावे?

सोलापूरच्या चादरीचे आणि टेरी टॉवेलचे नाव देशाबाहेर गेले त्याला बराच काळ लोटला. दोन्ही मालांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग चालवणारा कारखानदार असो, पूर्व भागातल्या गल्लीत चार माग टाकून बसलेला विणकर असो, की आमच्यासारखा माल घेऊन पुढे पाठवणारा व्यापारी असो, आज प्रत्येकाचा परगावचा व्यवहार ई-मेलवर आला आहे. पूर्वी तार होती, मग टेलेक्स आला, फॅक्स आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले आणि हळूहळू मेलने या सर्वांची जागा घेतली. तारसेवा तर जुलै २०१३ मध्ये बंदच झाली.

तारेचे एक बरे होते. कागद एकच असे, शिपाई तो हातात आणून देई आणि सही घेऊन जाई. मेलचे तसे नाही. एकच मेल पेढीच्या संगणकावर, मालकाच्या मोबाईलवर, मुलाच्या लॅपटॉपवर आणि मुनीमजींच्या टॅबवर, अशा चार ठिकाणी दिसावा अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा पुरी झाली नाही की तक्रारी सुरू होतात. मोबाईलवर आलेला मेल पेढीत दिसत नाही. पेढीतून पाठवलेले उत्तर मोबाईलच्या 'सेंट'मध्ये नाही. एकाने कचरा म्हणून मेल पुसला, तर तो सगळीकडून गेला. दोन दिवस एकही मेल नाही आणि तिसऱ्या दिवशी चाळीस मेल एकदम. बाजारात दोन व्यापारी भेटले की सुताच्या भावानंतर आता हाच विषय निघतो. म्हणून या वेळी त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्ही ठरवले.

नुकसान कुठे होते?

समजा, दुबईच्या गिऱ्हाईकाने सकाळी मेल पाठवला की तीस बाय साठ इंची टॉवेलचा निळा रंग बदलून करडा करा. मेल मालकाच्या मोबाईलवर आला, कारखान्याच्या संगणकावर आला नाही. मालक प्रवासात आहेत. त्यांना वाटले कारखान्यात वाचलाच असेल. तिकडे सूत जुन्याच रंगात रंगून मागावर चढले. न्हावा शेवाच्या बंदरात जाणारा कंटेनर कोणाच्या रंगाने भरायचा, हा वाद मग उभा राहतो. असा माल देशी बाजारात विकायचा म्हटले तर भाव तोडून विकावा लागतो.

अशा वादात "आम्हाला मेल दिसलाच नाही" हे उत्तर फारसे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये याचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन्ही पक्षांत वेगळे काही ठरलेले नसेल आणि आपण मेल घेण्यासाठी एखादा पत्ता नेमून दिला असेल, तर मजकूर त्या ठिकाणच्या संगणक-यंत्रणेत दाखल झाला की तो आपल्याला मिळाला असे धरले जाते. आपला मोबाईल वाजला की नाही, याची कायदा चौकशी करीत नाही.

मेलवर झालेला सौदा कच्चा असतो, हा समजही आता सोडून द्यावा. दुबईची ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांता ॲल्युमिनियम यांच्यातील वादात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये निकाल दिला. बॉक्साइटच्या पाच खेपांचा तो सौदा होता. रीतसर करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. परंतु मेलवरचा प्रस्ताव आणि मेलवरचा होकार यांतून सौदा पुरा झाला, असे न्यायालयाने मानले.

जीएसटीचे तसेच आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या किंवा नंतर बदललेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवणे हा एक मान्य मार्ग आहे. नोटीस 'स्पॅम'मध्ये पडून राहिली तरी मुदत धावतच असते. तेव्हा मेलचा ताळमेळ ही केवळ संगणकवाल्या पोराची बाब नाही, पेढीच्या मालकाची आहे.

मेल राहतो कुठे?

दुखणे समजायचे तर आधी रचना समजली पाहिजे. आपल्याला आलेला मेल प्रथम कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर उतरतो. तेथून तो आपल्या यंत्रावर आणण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एकीचे नाव पॉप, दुसरीचे आयमॅप.

पॉपची रीत १९८४ ची. त्या काळी लोकांकडे एकच संगणक असे आणि फोनची जोडणी महाग. म्हणून टपाल कचेरीत जाऊन आपली सगळी पत्रे पिशवीत भरून घरी आणावीत, तशी ही पद्धत आहे. पत्रे घरी आली की कचेरीचा खण रिकामा. नंतर दुसरा कोणी कचेरीत गेला तर त्याला काय मिळणार?

आयमॅप १९८६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. या रीतीत मूळ वही मुख्य पेढीवरच राहते आणि प्रत्येक जण तीच वही उघडून पाहतो. एकाने वाचल्याची खूण केली की ती सर्वांना दिसते. एकाने पान फाडले तर तेही सर्वांसाठी फाटते.

वरच्या निम्म्या तक्रारी या एका फरकातून निघतात. पेढीतला जुना संगणक पॉपवर आणि मोबाईल आयमॅपवर असेल तर दोघांचा हिशेब कधीच जुळणार नाही. संगणक सर्व्हरवरून मेल उचलून नेतो आणि मोबाईलवरून तो नाहीसा होतो. दोन संगणक पॉपवर असतील तर जो आधी मागेल त्याच्या पदरात मेल पडतो. पॉपमध्ये पाठवलेली उत्तरेही पाठवणाऱ्या यंत्रातच राहतात, मग ती दुसरीकडे दिसणार कशी?

क्लासिक आउटलुक वापरणाऱ्यांनी फाइल मेनूतून अकाउंट सेटिंग्ज उघडावे. खात्याच्या नावापुढे पॉप की आयमॅप ते लिहिलेले असते. पोर्टचा आकडा पाहिला तरी कळते. सुरक्षित जोडणीत पॉपचा आकडा ९९५ आणि आयमॅपचा ९९३. मेल बाहेर पाठवण्याचा आकडा ४६५ किंवा ५८७ असतो.

तपासणीचा क्रम

मेल दिसत नाही म्हटले की बहुतेक जण खाते मोबाईलमधून काढून टाकतात आणि पुन्हा घालतात. घाई करू नये. वैद्य आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो.

पहिली गोष्ट, कोणत्याही संगणकावर ब्राउझर उघडून मेल कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट खात्यात जावे. तेथे जे दिसते ती मूळ वही. मेल तेथे आहे आणि मोबाईलवर नाही, तर दोष मोबाईलचा. मेल तेथेही नाही, तर दोष खात्याचा, पॉपचा किंवा पाठवणाऱ्याचा. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

दुसरी गोष्ट, मेल मूळ वहीत नसेल तर 'स्पॅम', 'ट्रॅश' आणि 'ऑल मेल' हे कप्पे पाहावेत, आणि शोधाच्या चौकटीत गिऱ्हाईकाचे नाव टाकून पाहावे. जीमेलमध्ये 'प्रमोशन्स' वगैरे निरनिराळे कप्पे असतात, बरेचदा मेल तेथे सापडतो. 'ट्रॅश' आणि 'स्पॅम'मधला माल जीमेल साधारण ३० दिवसांनी आपोआप काढून टाकते, म्हणून हा शोध आजचा उद्यावर टाकू नये.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या एखाद्या खात्यावरून स्वतःला "तपासणी १" असा विषय देऊन मेल पाठवावा आणि तो कोणत्या यंत्रावर किती वेळाने येतो ते कागदावर लिहून ठेवावे. मग पेढीतून "तपासणी २" बाहेर पाठवून तो सर्व यंत्रांच्या 'सेंट'मध्ये येतो का ते पाहावे. अंदाजाने बोलण्यापेक्षा हा दहा मिनिटांचा रोजमेळ फार उपयोगी पडतो.

नेहमीची दुखणी आणि त्यांचे उपाय

जागा भरणे हे पहिले दुखणे. गूगलच्या मोफत खात्याला १५ जीबी जागा असते. पण ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. टॉवेलच्या नमुन्यांचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ यांनी जागा भरली की मेल येणे बंद होते आणि गिऱ्हाईकाला मेल परत गेल्याची सूचना मिळते. तो बिचारा समजतो की यांनी धंदा बंद केला. व्यापाराचे खाते आणि घरचे फोटो वेगळे ठेवावेत. स्वतःच्या नावाच्या डोमेनवर मेल घेणाऱ्यांना काही वेळा याहूनही कमी जागा मिळते; आपली किती आहे ते पुरवठादाराला विचारून ठेवावे. डोमेनचे वार्षिक शुल्क थकले तर सगळी पेढीच एकदम मुकी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरे दुखणे पासवर्डचे. एका यंत्रावर पासवर्ड बदलला आणि बाकीच्या तिघांवर जुनाच राहिला, तर ते तिघे गप्प बसतात. याशिवाय जुनी सॉफ्टवेअरे आता नुसत्या पासवर्डवर आत घेतली जात नाहीत. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही जुनी पद्धत मे २०२२ मध्ये बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ मध्ये. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र तो पुन्हा पुन्हा मागत असेल तर बहुधा हेच कारण. उपाय दोन. सॉफ्टवेअर नवे घ्यावे. किंवा गूगलच्या खात्यात दुहेरी पडताळणी सुरू करून त्या एका सॉफ्टवेअरसाठी १६ अक्षरी 'ॲप पासवर्ड' काढावा. विंडोजमधल्या जुन्या 'मेल' नावाच्या ॲपचा आधारही ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला आहे. त्यावर अजून विसंबून असलेल्यांनी दुसरी सोय करावी.

तिसरे दुखणे मोबाईलच्या बॅटरीचे. बॅटरी वाचावी म्हणून अनेक मोबाईल मागे चालणारी ॲप्स झोपवतात. मग मेल तेव्हाच येतो, जेव्हा आपण ॲप उघडतो. सेटिंग्जमध्ये जाऊन मेलच्या ॲपवरील बॅटरीचे आणि डेटाचे निर्बंध काढावेत, आणि खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक' सुरू असल्याची खात्री करावी. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेल घातले तर मेल ताबडतोब ढकलला जात नाही, ठरावीक वेळाने आणला जातो. ताबडतोब मेल हवा असणाऱ्यांनी त्यावर जीमेलचेच ॲप घ्यावे.

चौथे, जुने मेल न दिसणे. यात बहुधा बिघाड नसतो. जीमेलचे ॲप सहसा ३० दिवसांचे मेल मोबाईलमध्ये भरून ठेवते. बाकीचे नेटवर शोधल्यास मिळतात. दिवसांचा हा आकडा सेटिंगमध्ये वाढवता येतो. आउटलुकमध्येही किती महिन्यांचे मेल संगणकात ठेवायचे ते ठरवता येते.

पाचवे, एका खात्यावर फार गर्दी. जीमेल एका खात्यावर आयमॅपच्या एका वेळी १५ जोडण्यांपर्यंतच परवानगी देते, आणि एकच सॉफ्टवेअर अनेक जोडण्या उघडते. चार भाऊ, दोन मुनीम आणि कारखान्याचा संगणक एकाच खात्यावर बसले की कोणीतरी बाहेर राहणारच. जुन्या, वापरात नसलेल्या मोबाईलवरून खाते काढून टाकावे.

सहावे, मेल 'आउटबॉक्स'मध्ये अडकणे. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही. डिझाइनच्या मोठ्या फाइली ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. संगणकाची तारीख-वेळ चुकलेली असली तरी सुरक्षित जोडणी होत नाही. जुन्या संगणकाची आतली बॅटरी गेली की तारीख मागे जाते, तीही एकदा पाहून घ्यावी.

सातवे, नावे-पत्ते आणि भेटीच्या तारखा एका यंत्रावरून दुसऱ्यावर न येणे. आयमॅप फक्त मेल वाहून नेते. पत्ते आणि कॅलेंडर यांचे सिंक वेगळे असते आणि ते वेगळे सुरू करावे लागते.

पॉपवरून आयमॅपवर येताना

येथे सर्वांत जास्त जपावे लागते. अनेक वर्षे पॉपवर चाललेल्या संगणकात जो जुना मेल आहे, त्याची दुसरी प्रत सर्व्हरवर बहुधा नसते. जुने करार, एल.सी.चे कागद, मालाच्या तक्रारी, सगळे त्या एका हार्डडिस्कवर. कोणी हुशार माणूस येतो, "खाते काढून नवे घालू" म्हणतो, आणि वीस वर्षांचे दफ्तर पाण्यात जाते.

म्हणून प्रथम आउटलुकची मेलची संपूर्ण फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते पाहावे. ती उघडली तरच पुढे जावे. मग जुने पॉप खाते न काढता त्याच पत्त्याचे आयमॅप खाते शेजारी घालावे. सर्व्हरवर पुरेशी जागा आहे ना ते बघून महत्त्वाचे जुने मेल थोडे थोडे करून नव्या खात्याच्या कप्प्यांत नकलावेत. आठवडाभर दोन्हींचा मेळ घालावा आणि मगच पॉपचे येणे बंद करावे. काही कारणाने पॉप ठेवावेच लागले, तर निदान 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण चालू करावी आणि 'इतक्या दिवसांनी काढून टाका' ही खूण बंद करावी.

आयमॅपवर आल्यावर एक शिस्त सर्वांनी पाळावी. सर्वांची वही एक झाली आहे, तेव्हा विचारल्याशिवाय कोणी मेल पुसू नये. मोबाईल हलका करायचा म्हणून मेल पुसले, तर ते मूळ वहीतूनही जातील.

बिघाड की दगाबाजी?

काही वेळा मेल नाहीसा होतो तो बिघाडाने नव्हे, कोणी नेल्यामुळे. चोर पासवर्ड मिळवून खात्यात शिरतो आणि आत एक गुपचूप नियम लावतो: अमुक गिऱ्हाईकाचा मेल आला की दुसऱ्या पत्त्यावर पाठव आणि इनबॉक्समधून हटव. मग तो आपल्या नावाने गिऱ्हाईकाला लिहितो की आमचे बँक खाते बदलले, रक्कम या नव्या खात्यात भरा. माल आपला जातो, पैसा त्याला पोहोचतो. जगभर आयात-निर्यातीच्या व्यवहारात ही फसवणूक चालते.

म्हणून एकाच गिऱ्हाईकाचे मेल येईनासे झाले तर फक्त सिंकला दोष देऊन बसू नये. खात्याच्या सेटिंगमध्ये 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन्ही पाहावे. कोणत्या यंत्रांवर खाते उघडे आहे ती यादी पाहून अनोळखी यंत्र बाहेर काढावे, पासवर्ड बदलावा आणि दुहेरी पडताळणी लावावी. गिऱ्हाईकाशी आधीच ठरवून ठेवावे की बँकेचा खाते क्रमांक बदलल्याचे केवळ मेलवरून मानायचे नाही, ओळखीच्या नंबरवर फोन करून तसल्ली करायची. पैसा गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी आणि आपल्या बँकेलाही त्याच क्षणी कळवावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

पेढीसाठी काही नियम

व्यापाराचा मेल पत्ता पेढीच्या ताब्यात असावा. नोंदणी करून देणाऱ्या सल्लागाराचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या मुनीमाचा पत्ता जीएसटीवर, बँकेत किंवा आयात-निर्यातीच्या नोंदणीत लागलेला असेल तर तो आजच बदलून घ्यावा. खाते परत मिळवण्यासाठी जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना तेही पाहावे.

पूर्वी उघडलेले आणि आता न वापरलेले खाते कोठे जोडलेले असेल तर ते मधूनमधून उघडावे. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकते. हे काम त्यांनी डिसेंबर २०२३ पासून सुरू केले आहे.

सौदा, रंग, वजन, मुदत किंवा रक्कम यांत बदल सांगणाऱ्या प्रत्येक मेलला त्याच दिवशी "मिळाला, मान्य" किंवा "मिळाला, कळवतो" एवढे तरी उत्तर जावे. गिऱ्हाईकालाही सांगून ठेवावे की चोवीस तासांत उत्तर आले नाही तर फोन करा. यंत्रे कितीही जुळवली तरी एखादे दिवशी चुकणारच. ती चूक त्या एका दिवसात उघडी पडावी, एवढी तजवीज आपल्या हातात आहे.

आणि दर महिन्याला, वहीखात्याचा मेळ घालतो त्याच दिवशी, मेलचाही मेळ घालावा. ब्राउझरमधली मूळ वही, पेढीचा संगणक आणि मोबाईल शेजारी ठेवून शेवटचे दहा मेल जुळतात का ते पाहावे, स्पॅम चाळावा, शिल्लक जागा पाहावी. यात चहाचा एक कप संपेल एवढाच वेळ जातो. कापडाचा गठ्ठा बांधण्याआधी आपण नग मोजतोच. आपला व्यवहार ज्या मेलवर चालतो, तो मोजायला आळस करू नये.